खाणावळ की वाणसामान?

रोजचं जेवण घराबाहेरून मिळवायची गरज आपल्याकडे फार मोठ्या संख्येनं पडली ती मुंबईच्या गिरणगावात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्या वाढल्या आणि कामगार आले कोकणातून नि घाटावरून. घाटावरच्यांत तेव्हाच्या सातारा जिल्ह्याचा वाटा मोठा. आमचं शिराळाही तेव्हा साताऱ्यातच होतं. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. तालुक्याच्या पश्चिमेला डोंगर, भातखाचरं आणि वाटण्या होऊन बारीक झालेली शेतं. एका भावानं रान बघायचं, दुसऱ्यानं मुंबई गाठायची, ही रीत इथल्या वाड्यावस्त्यांना चांगली ठाऊक आहे.

मुंबईला गेलेला गडी बहुधा एकटा असे. बायकापोरं गावी. दहा-पंधरा जणांत एक खोली, पाळीप्रमाणे झोपायचं आणि जेवायचं खाणावळीत. ही खाणावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. चाळीतलीच एखादी बाई आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत गावाकडच्या गड्यांना महिन्याच्या बोलीवर दोन वेळचं जेवण घाली. पैसे पगार झाल्यावर. तोवरचं धान्य, तेल, रॉकेल तिनं उधारीवर आणायचं आणि त्या उधारीचं व्याजही तिनंच सोसायचं. गिरणीची पाळी बदलली की तिची चूल पेटायची वेळ बदले. कामगाराचा स्वयंपाकाचा वेळ वाचला खरा, पण तो या बाईच्या दिवसातून कापून घेतलेला होता.

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पुरवताई गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या, पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत रुळलेल्या. त्यांनी ओळखलं की खाणावळवालीला दया नको आहे, भांडवल हवं आहे. बायकांचे गट करून एकमेकींच्या हमीवर बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात झाली आणि सावकाराचा फास सैल झाला. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा जेवणारेच गावी परतू लागले. या धंद्याचा पाया किती कच्चा होता, ते तेव्हा दिसलं.

त्याच १९७५ साली, त्याच शहरात, बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकारानं मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. १९७२च्या दुष्काळानंतरची महागाई, लाटणं मोर्चे हे सगळं ताजं होतं. पंचायतीनं जेवणाला हात लावला नाही, वाणसामानाला लावला. शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याची यादी आधी भरून द्यायची. पंचायत घाऊक खरेदी करणार आणि संघाचं सामान एका घरी उतरवणार. तिथं सभासदांनीच ते वाटून घ्यायचं. दुकानाच्या खेपा वाचल्या, भाव उतरला, भेसळीची धास्ती कमी झाली. स्वयंपाक मात्र ज्याच्या त्याच्या घरी, म्हणजे जिच्या तिच्या माथी, तसाच राहिला.

गिरणगावातल्या नायगावात १९४८ साली कामगारांनीच सहकारी तत्त्वावर अपना बाजार सुरू केला होता, तो याच वाटेवरचा. आमच्या तालुक्याच्या दक्षिणेला वारणा नदी आहे. तिच्या पलीकडे तात्यासाहेब कोरे यांनी सत्तरच्या दशकात वारणा बाजार उभा केला. धान्यापासून कापडापर्यंत सगळं एका छताखाली, ठरल्या भावात, आणि तेही खेड्यातल्या माणसासाठी.

गावाकडून मुंबईकडे जाणारी आणखी एक सोय कुठल्याच संस्थेच्या दप्तरात नाही. एसटीच्या टपावरून तांदळाचं पोतं जायचं आणि परळ डेपोत कुणीतरी ते उतरवून घ्यायचं. पोत्यात कांदा-लसणाच्या चटणीचा डबा असे. चैत्र-वैशाखात मिरची वाळवून, मसाला भाजून, डंकावर कुटून केलेली ही चटणी म्हणजे निम्मा स्वयंपाक आधीच झालेला. आमटीत चमचाभर टाकली की वेगळं वाटण नको. वर्षभराची रोजची अर्धी घटका उन्हाळ्यातल्या चार दिवसांत गोळा करून ठेवायची आणि ती करणाऱ्याही पुन्हा बायकाच.

हे सगळं आठवायचं कारण आजचा प्रश्न. २००७च्या सुमारास स्वीडनमध्ये किकी थिअँडर या तीन मुलांच्या आईनं आठवड्याच्या जेवणाचं मोजून भरलेलं साहित्य आणि कृतीचा कागद घरपोच द्यायचा धंदा काढला. ती पेटी पुढे जगभर गेली. दुसरीकडे सामानाची यादी फोनवरून द्यायची आणि बांधून ठेवलेली पिशवी येताजाता उचलायची, ही सोय रुळली. दोघंही नोकरीला असलेल्या आईबापांनी यातलं काय घ्यावं, यावर आता शहरांत चर्चा चालते. शिराळ्यात पेटी येत नाही. यादी व्हॉट्सअॅपवर गेली की दुकानदार पिशवी भरून ठेवतो.

माझ्या मते पेटी वाचवते ती ‘आज काय करायचं’ ही डोकेदुखी आणि निवडण्या-चिरण्याचा वेळ. पिशवी वाचवते ती दुकानातली खेप. आपल्याकडे खरा वेळ जातो तो कणीक मळण्यात आणि पोळ्या लाटण्यात, भाकरी थापण्यात. म्हणूनच महाराष्ट्रातल्या शहरांत गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं निघाली. नोकरी करणाऱ्या बाईनं पोळ्या विकत आणल्या आणि भाजी घरी केली. निवडणं-चिरणंही तिनं कुठं कुठं उरकलं, ते मुंबईच्या लोकलमधल्या बायकांच्या डब्यात पाहावं. मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते आणि कल्याण येईपर्यंत पिशवी तयार असते. ही पेटी तिनं स्वतःच भरलेली असते.

तेव्हा पेटी की पिशवी, हे ठरवण्याआधी घरात कोणता तास कमी पडतो आणि तो कुणाचा, हे विचारावं लागतं. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच थोडे, त्यातली ही सरासरी. यादी बायकोनं करायची, पिशवी बायकोनं उचलायची आणि डबे बायकोनं भरायचे असतील, तर त्या पिशवीनं दुकानदाराचा वेळ वाचतो, घरचा नाही. पंचायतीच्या संघात वाटपाचं काम सभासदांत विभागलेलं होतं. मला त्या योजनेतली मोलाची गोष्ट हीच वाटते. भावातली सूट त्यानंतर.

आमच्या घरी दोन शाळकरी मुलं, आम्ही दोघं नोकरीला. महिन्याचं सामान पिशवीनंच येतं. यादी एक महिना मी करते, एक महिना नवरा. संध्याकाळच्या भाकऱ्या गल्लीतल्या एक मावशी करून देतात. आमचा जो तास वाचतो तो त्यांच्या तव्यापुढं खर्च होतो, हे गिरणगावाच्या इतिहासानं शिकवलेलं आहे. म्हणून भाकरीचा दर त्याच ठरवतात. ज्वारी महागली की त्या सांगतात आणि आम्ही घासाघीस करत नाही. पैसे दर शनिवारी रोख देतो, पगारावर ढकलत नाही. त्यांना पुढच्या आठवड्याची ज्वारी उधारीवर आणावी लागू नये.