जीर्णोद्धार : मूर्तींचा नव्हे, मोजमापाच्या यंत्रांचा

बदलीच्या हुकमाने चंडीगडास येणाऱ्या मराठी माणसाची पहिली खरेदी बहुधा सेक्टर २२ मध्ये होते. या नियोजित नगरीतील जी वस्ती सर्वांत आधी आकारास आली, तीत याची गणना आहे. १९५१ ते १९५४ या काळात येथे काम करणाऱ्या जेन ड्रू या इंग्रज स्थापत्यविशारद बाईंच्या आखणीचा ठसा येथील विटांच्या घरांवर व दुकानांच्या रांगांवर अद्याप ओळखू येतो. बाजारात आज भ्रमणध्वनीचे पडदे व बॅटऱ्या बदलून देणाऱ्यांची दाटी असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची आठवण व्हावी असाच काहीसा प्रकार. अशाच एका गाळ्यात आमची एका वृद्ध सरदारजींशी गाठ पडली, आणि ती पडण्यास आमचा उतावळेपणा कारण झाला.

आमचे एक वडीलधारे स्नेही, सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले, नाशिकास परतताना आपला व्हॉल्व्हचा ऑसिलोस्कोप आमच्या हवाली करून गेले. पस्तीस वर्षे त्यास वीज लागली नव्हती. आम्ही धूळ पुसली, दोरी भिंतीत खुपसली आणि बटण दाबले. पडद्यावर हिरवी रेघ उमटण्याऐवजी दोन मिनिटांत खोलीत करपल्याचा दर्प पसरला. फ्यूजच्या जागी पूर्वी कोणीतरी जाड तार बसवून ठेवली होती. त्यामुळे जे फ्यूजने मरावयाचे ते ट्रान्सफॉर्मरने मरण पत्करले. सरदारजींनी झाकण उघडले व एवढेच म्हणाले, की इतक्या दिवसांच्या उपाशी जिवाला कोणी एकदम पंगतीला बसवतो का?

हा नुसता विनोद नव्हता. ज्यास बाजारात कंडेन्सर म्हणतात त्या धारित्राचा एक प्रकार ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर रासायनिक क्रियेने चढविलेल्या ऑक्साइडच्या अतिपातळ थरावर अवलंबून असतो. पोलंडचे कारोल पोलाक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्याची कल्पना मांडली. त्याच दशकात, १८९७ मध्ये, जर्मनीत कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी ऑसिलोस्कोपची मूळ नळी घडविली. दोन्ही वस्तू पुढे एका पेटीत नांदल्या. मात्र त्यांचे वार्धक्य सारखे नाही. काचेची नळी दशके टिकते. धारित्रातील द्रव मात्र सुकतो, आणि विजेवाचून पडून राहिल्यास तो ऑक्साइडचा थरही झिजतो. मग जेथून प्रवाह जाऊ नये तेथून तो जाऊ लागतो. रोधातून थोडा थोडा दाब चढवीत नेला तर थर पुन्हा बांधला जाण्याचा संभव असतो. आम्ही ती संधीच दिली नाही.

मेणकागदाच्या धारित्रांचा रोग अधिक फसवा, कारण ती जळत नाहीत, खोटे बोलतात. दोन व्हॉल्व्हांच्या मध्ये बसलेल्या अशा धारित्रातून एका ॲम्पिअरचा केवळ दहा लाखावा भाग झिरपला, आणि पुढे दहा लाख ओहमचा रोध असला, तर जेथे शून्य असावयाचे तेथे एक व्होल्ट उभा राहतो. यंत्र चालू दिसते, काटा हलतो, आणि आकडा चुकीचा असतो. कारकुनाने बेरीज चुकविली तर वरचा अधिकारी ती पकडतो. परंतु पट्टीच आखूड झाली तर पकडावयाचे कोणी? कार्बनचे रोधकही दमट हवेत मुरत मुरत आपले मूल्य वाढवून बसतात. उलट अभ्रकाची धारित्रे सहसा दगा देत नाहीत. ती उगाच उपटू नयेत.

या शहरास असल्या उपकरणांचा इतिहास थोडाथोडका नाही. फाळणीने लाहोरास मुकलेल्या पंजाब विद्यापीठाचा पदार्थविज्ञान विभाग काही वर्षे होशियारपुरास राहून १९५८ मध्ये येथे आला. १९५९ मध्ये दिल्लीत स्थापन झालेली केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना १९६२ मध्ये येथे हलली. पुढल्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या साहाय्याने तिच्याकडे कुशल कारागीर घडविणारे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. परकीय चलनाचा तुटवडा असे त्या काळी आयात केलेले उपकरण मोडणे म्हणजे प्रयोग थांबणे. तेव्हा दुरुस्ती ही हौस नव्हती.

निर्मात्यांचा दूरदृष्टीपणाही पाहण्यासारखा आहे. अमेरिकेच्या टेक्ट्रॉनिक्स या १९४६ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या जुन्या ऑसिलोस्कोपांत भाग चिनीमातीच्या खाचदार पट्ट्यांवर झाळलेले असत. साधे कथिल वारंवार वापरले तर पट्टीवरील चांदीचा थर त्यात विरून जातो. म्हणून चांदीमिश्रित कथिलाची छोटी गुंडाळी यंत्राच्या पोटातच ठेवलेली असे. पुढे कधीतरी कोणी अनोळखी हात हे उघडील, हे त्यांनी गृहीत धरले होते. इंग्लंडच्या टपाल खात्यातील डोनाल्ड मॅकेडी यांनी अनेक मापके वाहण्याच्या कंटाळ्यातून १९२३ मध्ये आणलेल्या ॲव्होमीटरची गोष्ट याच्या उलट टोकाची. त्याचा आठवा नमुना १९५१ पासून निघत होता. २००८ मध्ये तो बंद झाला, कारण सुटे भाग मिळणे कठीण झाले. खात्यातील आमच्या बांधवांनी हे लक्षात घ्यावे, की टपाल खात्यातही शोध लागतात!

आता प्रश्न उरतो तो किती बदलावे याचा. सेलेनियमचा जुना एकदिशकारक काढून सिलिकॉनचा डायोड लावला की काम होते खरे, परंतु तो विजेचा दाब कमी खातो. पुढे दाब वाढतो, व म्हातारे व्हॉल्व्ह अकाली जातात. त्यासाठी जोडीला रोध घालावा लागतो. काही संग्राहक जुन्या धारित्राची नळी पोखरून आत नवे धारित्र दडवितात व तोंड मेणाने बंद करतात. प्रदर्शनासाठी ते ठीक. सरदारजींस ते मुळीच रुचेना. पुढच्या दुरुस्ती करणाऱ्यास फसविणे ते यालाच म्हणत. आमचेही मत हळूहळू तेच झाले. देवळाचा जीर्णोद्धार करणाराही नव्या चिरेबंदीवर शक घालतो.

ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घेण्यास तीन आठवडे लागले. सर्व कागदी धारित्रे, सहा मोठी धारित्रे व नऊ रोधक बदलले. अभ्रकास हात लावला नाही. नाशिकास पत्र लिहिले, चूक कबूल केली, आणि बदललेल्या भागांची यादी जोडली. उत्तरात रागाचा एक शब्दही नव्हता. फक्त विचारले होते, की डाव्या बाजूचा तिसरा रोधक बदलला काय, कारण तो त्यांनी स्वतः १९७१ मध्ये एका रात्री बसविला होता.

तो आम्ही बदलला होता. काढलेला तुकडा सरदारजींच्या डब्यात सापडला, आणि दुसऱ्याच दिवशी रजिस्टर टपालाने नाशिकास रवाना झाला.