केमो सुरू झाली की गाठीची ‘भूक’ कशी बदलते? पेट स्कॅनमध्ये नेमकं काय दिसतं

पुणे : भोर, जुन्नर, पुरंदर, इंदापूरकडचे कॅन्सरचे पेशंट केमोसाठी पुण्याला येतात. दोन-तीन सायकल झाल्या की काहींना पेट स्कॅन सांगितला जातो. नावात ‘पेट’ असलं तरी ही फक्त पोटाची तपासणी नाही. शरीरात कुठल्या जागी किती साखर खेचली जाते, ते यात दिसतं.

कॅन्सरच्या बऱ्याच पेशी साखर अधाशासारखी ओढतात. ऑक्सिजन हाताशी असूनही ती पूर्ण जाळत नाहीत. अर्धवट वापरून लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. ओल्या लाकडाच्या चुलीसारखं, सरपण जास्त आणि आच कमी. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात हे दाखवलं होतं.

केमोचं औषध पेशीच्या डीएनएवर किंवा विभाजनावर घाव घालतं. जखमी पेशीची साखरेची ओढ कमी होते, मेलेली पेशी साखर घेतच नाही. म्हणून लिम्फोमासारख्या कॅन्सरमध्ये गाठ हाताला लागत असतानाच स्कॅनमधली तिची चमक उतरलेली दिसू शकते. काही चिवट पेशी मात्र साखर सोडून चरबीसारख्या दुसऱ्या इंधनावर जातात आणि औषधातूनही तगतात. उपचारातली खरी अडचण इथेच आहे.

स्कॅनसाठी दिलं जाणारं किरणोत्सारी ग्लुकोज दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे वेळ चुकवून चालत नाही. साधारण ६ तास उपाशी राहावं लागतं, पाणी चालतं. शुगर असेल तर आधीच सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका. केमोनंतर लगेच स्कॅन केला तर सूजही चमकते. लिम्फोमाचे उपचार संपल्यावर म्हणूनच ६ ते ८ आठवडे थांबतात. पांढऱ्या पेशी वाढवण्याच्या इंजेक्शनने हाडांतला मगजही उजळतो. रिपोर्टवरचा प्रत्येक ठिपका कॅन्सर नसतो.

आता गावागावात ऐकू येणारी गोष्ट : ‘साखर, भात, फळं बंद करा, गाठ उपाशी मरेल.’ तसं होत नाही. खाणं तोडलं तरी यकृत रक्तात साखर सोडत राहतं, त्यासाठी अंगातले स्नायू झिजतात. गाठीला मिळायचं ते मिळतं, पेशंट मात्र खंगतो. वजन फार उतरलं तर पुढची केमो लांबू शकते.

मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात (एनसीसीएस) डॉ. मनोजकुमार भट यांच्या प्रयोगशाळेने वाढलेल्या साखरेचा केमोच्या औषधांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास केला आहे. त्यातच केमोसोबत दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडनेही शुगर चढते. त्या दिवसांत घरी ग्लुकोमीटरवर तपासून आकडे वहीत लिहावेत आणि पुढच्या सायकलला डॉक्टरांना दाखवावेत.