दुसरी डिस्क का दिसत नाही? अर्थात एका बाइटची गोष्ट

मंडळी, या वीकेंडचा विषय थोडा भंगारातला आहे. जुना कॉम्प्युटर आहे, त्यात दुसरी हार्ड डिस्क जोडली, सुरू केला, आणि कॉम्प्युटरला ती दिसतच नाही. मग कोणीतरी "डिस्क गेली, टाकून द्या" असं सांगतं आणि आपण ऐकतो. माझं म्हणणं एवढंच की टाकायच्या आधी हा इतिहास वाचा. अशा कितीतरी डिस्क गेलेल्या नसतात. त्या १९८४ सालच्या एका बाइटमध्ये अडकलेल्या असतात!

१९८४ मध्ये आयबीएमने 'पीसी एटी' आणला. त्याच्या हार्ड डिस्कचं कंट्रोलर कार्ड वेस्टर्न डिजिटलचं होतं. या कार्डात एक रजिस्टर होतं, म्हणजे फक्त ८ बिट. त्यातल्या एका बिटात 'कुठली डिस्क' हे लिहायचं: ० म्हणजे पहिली, १ म्हणजे दुसरी. चार बिटांत 'कुठलं हेड' हे लिहायचं. एका बिटात दोनच आकडे मावतात, म्हणून डिस्क जास्तीत जास्त दोन. चार बिटांत सोळा, म्हणून हेड जास्तीत जास्त सोळा. तेव्हा डिस्क २० एमबीची होती. ही सोय ऐसपैसच वाटली असणार.

पुढे १९८६ च्या सुमारास कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि कंट्रोल डेटा यांनी मिळून कंट्रोलर कार्डावरून उचलून थेट डिस्कवर बसवला. हेच आपलं आयडीई. जुनं सॉफ्टवेअर चाललं पाहिजे म्हणून रजिस्टरं मात्र तीच ठेवली. आता गंमत बघा. आधी दोन डिस्कना मिळून एक कंट्रोलर होता, आता एकाच केबलवर दोन कंट्रोलर आले. कॉम्प्युटरचा प्रत्येक हुकूम दोघांनाही ऐकू जातो. तो 'डिस्क कुठली' वाला बिट बघून ज्याने त्याने ठरवायचं की हे मला उद्देशून आहे की शेजाऱ्याला.

पण आपण पहिले की दुसरे, हे डिस्कला कसं कळणार? त्यासाठी मागे ती नखाएवढी टोपी, म्हणजे जंपर. मास्टर की स्लेव्ह हे त्याने ठरतं. दोन्ही डिस्क मास्टर ठेवल्या तर हाक एकालाच मारली तरी 'ओ' दोघे देतात आणि कॉम्प्युटरला काहीच कळत नाही. कधी एक गायब, कधी दोन्ही.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, पूर्वी डीटीपीचं काम करायचे. युनिकोड यायच्या आधीच्या फाँटमधले कितीतरी दिवाळी अंक त्यांच्या जुन्या डिस्कवर होते. ती दुसऱ्या एका जुन्या मशीनला जोडून बघितली तर दिसेना, आणि दुकानात "गेली" असा निकाल मिळाला. मी बघितलं तर दोन्ही डिस्कचे जंपर मास्टरवर. एक टोपी काढून स्लेव्हवर लावली, बस्स. फाइली उघडल्या तेव्हा काका स्क्रीनकडे बघत बराच वेळ काही बोलले नाहीत. आठवडाभर उशीर झाला असता तर ती डिस्क भंगारात गेली असती.

जंपर बरोबर असूनही डिस्क दिसली नाही तर? मग हेडच्या त्या चार बिटांकडे वळायचं.

बायोसला सिलिंडर १०२४ पर्यंत मोजता यायचे आणि सेक्टर ६३ पर्यंत. डिस्कच्या बाजूने हेड १६. सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार करा: ५२ कोटी ८४ लाख बाइट, म्हणजे ५०४ एमबी. नव्वदच्या दशकात डिस्क याच्या पुढे गेल्या आणि जुने बायोस तिथेच थांबले. यावर पळवाट म्हणजे चक्क थाप! बायोसने ऑपरेटिंग सिस्टिमला सिलिंडर कमी आणि हेड जास्त सांगायचे, गुणाकार तोच ठेवायचा. याने गाडी ८.४ जीबीपर्यंत गेली, मग तीही अडली आणि बायोसला नवीन हुकूम शिकवावे लागले. (दोन मशीनच्या थापा वेगळ्या असतील तर डिस्क दिसते, पण आतला मजकूर वाचता येत नाही. हेही ध्यानात ठेवा.)

मग १९९९ च्या आधीचे काही अ‍ॅवॉर्ड बायोस ३३.८ जीबीच्या वरची डिस्क बघून सुरू होतानाच गोठायचे. म्हणून कंपन्यांनी डिस्कवर आणखी एक जंपर दिला. तो लावला की डिस्क स्वतःला ३२ जीबीची म्हणवून घेते. हे सगळं चालू होतं तेव्हा मी पाळण्यात होतो :-)

सगळ्यात घातक भिंत १३७ जीबीची. सेक्टरला सरळ क्रमांक द्यायची पद्धत आली, पण तो क्रमांक लिहिला जुन्याच रजिस्टरांत: २४ बिट इकडचे आणि ४ बिट हेडचे, एकूण २८. इथे डिस्क न दिसणं परवडलं; अर्धवट दिसली तर नुकसान. वरचे बिट गाळणारी सिस्टिम १३७ जीबीच्या पुढे लिहायला गेली की लिखाण डिस्कच्या सुरुवातीला जाऊन पडतं, थेट पार्टिशन टेबलावर. २००२ च्या एटीए-६ मध्ये ४८ बिट आले, आणि विंडोज एक्सपीला हे नीट जमलं ते त्याच वर्षीच्या सर्व्हिस पॅक १ पासून.

तर थोडक्यात: आधी जंपर बघा. ८० तारांची केबल असेल तर निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. मग डिस्क एकटीच जोडून बघा. मग तिचा आकार आणि मशीनचं वय यांचा हिशोब जुळवा. १३७ जीबीच्या वरची डिस्क जुन्या मशीनला जोडलीत तर तिच्यावर काही लिहू नका, आधी नव्या मशीनवर यूएसबी अडॅप्टर लावून सगळं उतरवून घ्या.

२००३ पासून साटा आलं, एका केबलला एकच डिस्क झाली आणि मास्टर-स्लेव्हचा जंपर गेला. पण माळ्यावरच्या डिस्कना हे कोणी सांगितलेलं नाही. त्यांच्यावर लग्नाचे फोटो असतील, कोणाचा प्रबंध असेल. "दिसत नाही" आणि "गेली" यांत फरक आहे, तेवढा तपासून मगच भंगारवाल्याला हाक मारा.