संघवृत्ति : एका फ्रेंच शब्दाचे दोन अर्थ

'एस्प्री द कोर' ह्या फ्रेंच शब्दसमुच्चयास मराठींत नेमका प्रतिशब्द कोणता, असें विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. 'एस्प्री' म्हणजे चैतन्य. त्याचें मूळ लॅटिनांतील श्वासवाचक शब्दांत आहे. 'कोर' म्हणजे देह, आणि त्यावरून एकजीव झालेला मनुष्यसमूह. अनेक देहांत एकच प्राण वावरावा, हा त्याचा भावार्थ. पलटणींत हा शब्द गौरवानें उच्चारला जातो; परंतु अठराव्या शतकांतील फ्रेंच विचारवंतांनीं तो बहुधा निंदेसाठींच योजिला. धर्मसंघ काय किंवा न्यायसभा काय, स्वतःचा मान राखण्याच्या भरांत सार्वजनिक हित विसरतात, असा त्यांचा आक्षेप होता. पुढें राज्यक्रांतीच्या काळीं, १७९१ मध्यें, ल शापलिएच्या कायद्यानें कारागिरांच्या संघांवर बंदीच आली.

हा दुहेरी अर्थ उमगण्यास पॅरिसला जाण्याचें कारण नाहीं. आमचें कोल्हापूर पुरेसें आहे. शाहू छत्रपतींच्या कारकीर्दींत १८९६ सालीं सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह निघालें. परंतु थोड्याच काळांत तेथें बहुतेक ब्राह्मण विद्यार्थीच राहूं लागले. दार सर्वांस उघडें असलें, तरी आधीं आंत बसलेल्यांची संघवृत्ति उंबऱ्यावर पहारा करते! तेव्हां महाराजांनीं निराळा मार्ग धरिला. १९०१ मध्यें मराठा व जैन, १९०६ मध्यें मुसलमान, आणि १९०८ मध्यें अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क, अशीं वसतिगृहें निघालीं. खेड्यांतून एकटा आलेला मुलगा शहरांत एकटा राहिला नाहीं, हें कार्य लहान नव्हे.

परंतु जातवार राहण्यानें जातिभेदच दृढ होणार नाहीं काय? हा आक्षेप आम्हांस पोकळ वाटत नाहीं. तथापि ह्याच महाराजांनीं १९१९ सालीं आंतरजातीय विवाहास कायद्याची मान्यता दिली. ह्यावरून वसतिगृह हा त्यांच्या प्रवासांतील मुक्काम होता, गंतव्य नव्हे, असें आम्ही समजतों. मुक्कामासच घर मानण्याचा दोष घडला असेल, तर तो मागून आलेल्या आम्हां सर्वांचा आहे.

म्हणून आम्ही 'संघवृत्ति' हा प्रतिशब्द सुचवितों. मात्र तो वापरतांना विवेक हवा. दुर्बळांस उभें करणारी आणि बलवानांचा उंबरा राखणारी, अशा दोन्ही वृत्तींस फ्रेंचांनीं एकच नांव दिलें. आपल्या संघांत ह्यांपैकीं कोणती नांदते, हें प्रत्येकानें स्वतःस विचारावें.