जावळीचे खोरे

जावळीचे खोरे : सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कडेचा दुर्गम डोंगराळ प्रदेश. पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य धार आणि पूर्वेस बामणोलीची रांग यांच्यामधून कोयना महाबळेश्वरापासून सुमारे ६५ किमी. दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते. कोकणच्या अंगाचे कडे सरळ तुटलेले आहेत. वासोट्याजवळचा बाबूकडा त्यांतला सर्वांत भेदक. माथ्यावर जांभ्याचे सडे, उतारांवर जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांचे दाट सदाहरित रान व कारवी; गवा, सांबर, अस्वल, शेकरू यांचा वावर. मेढा हे मुख्यालय असलेला जावळी तालुका म्हणजे हे खोरे नव्हे. जावळी गाव आणि प्रतापगड महाबळेश्वर तालुक्यात मोडतात.

हे रान मनुष्यस्पर्शापासून दूर राहिले म्हणून टिकले, असा समज रूढ आहे. इतिहास मात्र उलट सांगतो: ते राखले गेले म्हणून टिकले. विजापूरकरांचा ‘चंद्रराव’ हा किताब मिरवणाऱ्या मोऱ्यांची सत्ता तटबंदीपेक्षा झाडीवर आणि घाटवाटांच्या ताब्यावर उभी होती. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी घेतली, त्या पाठोपाठ पार घाटावर नजर ठेवणारा प्रतापगड बांधवला, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाचे सैन्य याच रानात कोंडीत सापडले. मोठी फौज, तोफा, हत्ती यांना इथे पसरायला जागाच नव्हती. हा धडा मराठी राज्यव्यवहारात मुरलेला दिसतो. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्रा’त गडाभोवतालची झाडी हीच गडाची राखण मानली असून ती वाढवण्याची व तोडू न देण्याची ताकीद आहे. वासोटा किल्ला हा या धोरणाचा उत्तम नमुना. ताई तेलिणीने तो पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याविरुद्ध लढवला. १८१८ मध्ये इंग्रजांनी शेजारच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या, तेव्हा तो त्यांच्या हाती पडला. किल्ल्यावर आज छप्पर नसलेले मारुतीचे देऊळ, महादेवाचे देऊळ, पाण्याची टाकी, वाड्याची जोती आणि चुन्याची घाणी एवढे उरले आहे. पायथ्याचे मेट इंदवली उठून गेले. ‘मेट’ म्हणजे गडाखालची पहाऱ्याची चौकी, म्हणजे या रानाला राखणदार होते, हे गावाच्या नावातच नोंदलेले आहे.

यावर आक्षेप असा येईल, की झाडी राखली ती पावसाने आणि उतारांनी. माणसाचे श्रेय कशाला? पण तसाच धो धो पाऊस झेलणाऱ्या शेजारच्या महाबळेश्वरच्या पठारावर, साताऱ्याच्या छत्रपतींकडून १८२९ मध्ये जागा मिळताच, इंग्रजांनी बंगले, रस्ते आणि बाजारपेठ वसवली. निसर्गाने दोन्हीकडे अडचण केलीच होती. फरक पडला तो सत्तेला काय हवे होते त्याने. पठार सपाट आणि खोरे उतरते, हा भेद खराच आहे, पण खोऱ्यातल्या उतारांवरही नाचणी-वरीची शेती आणि वस्ती होती, त्यामुळे केवळ उतार हे कारण पुरत नाही. आजची निर्मनुष्यता तर फारच अलीकडची. १९६० च्या दशकात कोयना धरण पुरे झाले, शिवसागर जलाशय सुमारे ५० किमी. पसरला, काठची गावे बुडाली आणि माणसे ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीकडे पांगली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनानगर हादरले. पुढे कोयना अभयारण्य (१९८५) आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प (२०१०) झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत कोयनेचा समावेश झाला.

या विवेचनाने रानाचे मोल कमी होते, असे काहींना वाटेल. तसे नाही. गव्याला आणि अंजनीला इतिहासाशी देणेघेणे नाही, आणि इतके सलग सदाहरित रान सह्याद्रीत फार थोड्या ठिकाणी उरले आहे. त्याला कडक संरक्षण हवेच. मात्र ‘इथे कधी कोणी नव्हतेच’ असे गृहीत धरले, की उठवलेल्या गावांचा जमिनीवरचा आणि देवळांवरचा हक्क कागदावरूनही पुसला जातो. तो पुसू नये एवढ्यासाठी या नोंदीत जोती आणि मेटे यांना जागा दिली आहे.

अर्थव्यवस्था : भात, नाचणी, वरी ही पिके, मध, हिरडा ही वनोत्पादने. बामणोली व तापोळा येथे पर्यटकांसाठी बोटी चालतात. वासोट्यास जाण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते.