फरारी गुलाम कायदा (१८५०) आणि आज्ञापालनाचा धार्मिक वाद

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८ सप्टेंबर १८५० रोजी राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर यांच्या सहीने फरारी गुलाम कायदा झाला आणि तो पाळावा की मोडावा यावरून प्रॉटेस्टंट पाद्र्यांत वाद पेटला. दक्षिणेतून पळालेल्या गुलामाला पकडण्याच्या कामी उत्तरेतल्या कोणाही नागरिकाला जुंपता येई. आसरा देणाऱ्यास हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. पकडलेल्याची साक्ष घेतली जात नसे, ज्यूरीही नसे. त्याला मालकाच्या हवाली केल्यास निवाडा करणाऱ्या आयुक्ताला दहा डॉलर मिळत, सोडल्यास पाच. गुलामगिरीविषयी आजवर गप्प राहिलेल्या उत्तरेतील ख्रिस्ती माणसालाही आता बाजू घेणे भाग पडले.

कायदा पाळावा म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार बायबलमधील रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय होता: सत्ता देवाने नेमलेली, तेव्हा तिला विरोध म्हणजे देवाला विरोध. ब्रुकलिनचे इकाबोड स्पेन्सर, बफेलोचे जॉन लॉर्ड यांनी कायद्याच्या बाजूने प्रवचने दिली. अँडोव्हरचे बायबलपंडित मोझेस स्टुअर्ट यांनी प्रेषित पौलाचा दाखला दिला. त्याने अनेसिम या दासाला मालक फिलेमोनाकडे परत पाठवले होते. हा दाखला लंगडाच होता, कारण अनेसिमाला दास न मानता भाऊ मानावे, अशी विनंती पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रातच केली आहे.

विरोधकांनी बायबलच्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाचा तेविसावा अध्याय पुढे केला. पळून आलेला दास धन्याच्या हवाली करण्यास तिथे स्पष्ट मनाई आहे. फारोचा हुकूम मोडणाऱ्या इब्री सुइणी आणि मूर्तीपुढे न वाकलेले शद्रख, मेशख, अबेद्नगो यांचीही उदाहरणे दिली गेली. नेवार्कच्या चार्ल्स बीचर यांनी १८५१ मध्ये दुष्ट कायदे मोडणे हे कर्तव्यच असल्याचे प्रवचन दिले. कायदा मोडावा, पण शिक्षा निमूट भोगावी, असे काहींचे मत होते. बोस्टनचे युनिटेरियन धर्मोपदेशक थिओडोर पार्कर यांना ही मर्यादा मान्य नव्हती. त्यांनी पळून आलेल्या एलन क्राफ्ट यांना स्वतःच्या घरात लपवले.

सर्वांत वजनदार बाजू मात्र सिरॅक्यूजचे कृष्णवर्णीय पाद्री जर्मेन लोगन यांची होती. इतर पाद्री दुसऱ्याच्या दास्याविषयी बोलत. लोगन स्वतः टेनेसीतून पळालेले होते आणि केव्हाही पकडले जाऊ शकत होते. तरी पैसे भरून मुक्ती विकत घेण्यास त्यांनी नकार दिला, कारण स्वातंत्र्य ही देवाची देणगी असून तिची किंमत ठरवण्याचा अधिकार कोणत्याही मालकाला नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. १ ऑक्टोबर १८५१ रोजी फरारी गुलाम म्हणून पकडलेल्या विल्यम ‘जेरी’ हेन्री यांना सिरॅक्यूजच्याच लोकांनी कोठडीतून सोडवले. पुढे हेन्री कॅनडात पोहोचले.

यादवी युद्ध चालू असताना, २८ जून १८६४ रोजी हा कायदा रद्द झाला.