८ डिसेंबर १८६१ : शिल्पकार आरिस्तिद मायोल यांचा जन्म

स्पेनच्या सीमेलगतच्या बान्यूल्स या फ्रेंच गावचे मायोल आधी चित्रे काढत, भिंतीवरचे गालिचे विणत. डोळ्यांच्या दुखण्यामुळे चाळिशीच्या सुमारास ते शिल्पकलेकडे वळले. शिल्पकार रोदँच्या कामातली तगमग त्यांनी टाळली. गुडघ्यांवर डोके टेकून बसलेली त्यांची ‘रात्र’ ही मूर्ती नुसती स्वस्थ आहे. उतारवयात दिना व्हिएर्नी ही तरुणी त्यांची मॉडेल झाली. दुसऱ्या महायुद्धात ती निर्वासितांना पिरेनीज ओलांडून स्पेनला पोचवी. त्या चोरवाटा मायोल यांनीच दाखवलेल्या. ती पकडली गेल्यावर सुटकेसाठी मात्र मायोल यांना हिटलरचा लाडका शिल्पकार आर्नो ब्रेकर यालाच साकडे घालावे लागले! मायोल १९४४ मध्ये वारले. १९६४ मध्ये दिनाने त्यांची शिल्पे सरकारला दिली. पॅरिसच्या त्यूलेरी बागेत ती उघड्यावर, विनातिकीट पाहता येतात.